इतरांमधल्या वन्सं

लग्न होऊन मी नागपूरहून कलकत्त्याला आले तेव्हा सासूबाई नव्हत्या. सासरेही दोन वर्षांपूर्वी गेले होते. माप ओलांडायला लावलं ते माझ्या नणंदेनं. त्यांनी मापात तांदूळ भरले, मला दारात उभं केलं, कुंकू लावलं. मी आत आल्यावर त्यांनी पायांत चपला सरकवल्या आणि म्हणाल्या, "मला बैठकीला जायचंय. डाळभात झालेला आहे, तुम्ही दोघं जेवून घ्या." मी यांच्याकडे पाहिलं. हे म्हणाले, "ताईचा पक्ष आहे." जणू एखाद्याला दमा आहे असं सांगावं, तसं.

मी त्यांना वन्सं म्हणायची. यांच्यापेक्षा त्या बऱ्याच मोठ्या होत्या. आई लवकर गेल्यामुळे भावाला त्यांनीच वाढवलं आणि त्या नादात स्वतःचं लग्न राहून गेलं, असं भवानीपूरकडच्या मराठी बायका गणपतीत भेटल्या की हळू आवाजात सांगत. वन्संना विचारलं तर त्या म्हणत, राहून काही गेलं नाही, केलंच नाही. मुलींच्या शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. जन्म कलकत्त्यातला, त्यामुळे बंगाली अशी बोलायच्या की ट्रामचा कंडक्टर त्यांना तिथलीच समजे. मराठी फक्त घरात, आणि तीही जरा जुन्या वळणाची, आईकडून ऐकलेली. आमचं भाड्याचं घर शहराच्या पूर्वेला, बेलेघाट्याच्या कालव्यापासून जवळ होतं. तिथे आमच्याखेरीज मराठी कोणी नव्हतं.

त्यांचा पक्ष फार लहान होता. एका मोठ्या पक्षातून काही लोक बाहेर पडले, त्यांच्यातूनही काही बाहेर पडले, आणि जे उरले त्यांचा हा पक्ष. आमच्या भागात त्याचं सगळं काम वन्सं आणि एक होमिओपॅथीचे डॉक्टर मिळून पाहत. डॉक्टरबाबूंचा दवाखाना हेच पक्षाचं कार्यालय. रुग्ण गेले की बाकांवर बैठक भरायची. सुरुवातीला कॉलेजातली दहापंधरा मुलं यायची, त्यांत डॉक्टरबाबूंचा मुलगाही असायचा. मी कधीतरी वन्संना निरोप द्यायला गेले तर बैठकीतलं मला निम्मंच समजे, पण एवढं कळायचं की बोलणं पुन्हा पुन्हा पाण्याकडे वळतंय.

त्याचं कारण असं. आमच्या घरापासून पूर्वेला चालत गेलं की तेव्हा शहर संपायचं आणि पाणथळ सुरू व्हायची. मैलोन्‌मैल उथळ तळी. त्यांत लोक मासे पाळायचे. त्या तळ्यांना तिथे भेडी म्हणत. शहराचं सांडपाणी त्या भेड्यांत जाई, तिथे मासे वाढत आणि तेच मासे सकाळी शहरातल्या बाजारात येत. सॉल्ट लेकची वसाहत बांधायची म्हणून नदीतला गाळ नळांनी आणून त्यातली बरीच तळी बुजवली गेली. तिथले कोळी उठून कालव्याच्या काठाला झोपड्या घालून राहिले. वन्संचं म्हणणं होतं की उरलेली तळी तरी राखा, नाहीतर या माणसांचं पोट जाईल आणि शहराच्या पाण्यालाही जायला वाट राहणार नाही. हे म्हणणं दुसऱ्या कुठल्याच पक्षाचं नव्हतं. एरवी जे एकमेकांचं तोंड पाहत नसत, ते पक्षही नवी वसाहत हवी यावर एकमतानं उभे होते.

मग ती वाईट वर्षं आली. आमच्या गल्लीतल्या भिंतींवर डांबरानं घोषणा लिहिलेल्या असत, आणि रोज कुठे ना कुठे बॉम्ब फुटल्याचं ऐकू येई. संध्याकाळी सहानंतर दारं बंद. पक्षातली मुलं एकेक करून गेली. काहींना वन्संचं बोलणं मिळमिळीत वाटलं, ती बंदुकीच्या वाटेला लागली. काहींच्या आईवडिलांनी त्यांना दुसऱ्या गावी पाठवून दिलं. डॉक्टरबाबूंचा मुलगा पहिल्या वाटेनं गेला. एके दिवशी पोलिसांनी त्याला उचललं आणि तो परत आला नाही. प्रेतही मिळालं नाही, त्यामुळे दिवस घालायचे की नाही हेसुद्धा त्या घराला ठरवता येईना. चार दिवसांनी डॉक्टरबाबूंनी दवाखाना उघडला. वन्सं शाळा सुटल्यावर तिथे जाऊन बसत. काय बोलत असत कोण जाणे. मला एकदाच म्हणाल्या, "आम्ही त्या पोराला सांगत होतो, माणसांना पटवून दे. पटवायला वेळ लागतो म्हणालो. त्याला वाटलं, आम्ही घाबरतोय."

आणीबाणीत पक्षाचं चार पानी पत्रक बंद पडलं. वन्संना कोणी अटक केली नाही. पकडावं एवढा त्यांचा पक्ष कोणाला मोठा वाटला नसावा. त्या दिवसांत त्या फार गप्प झाल्या. त्याच सुमारास शहरात टेलिव्हिजन आलं. हे रेडिओत इंजिनिअर होते, ते टेलिव्हिजन केंद्रावर बदलून गेले. गल्लीत यांचा भाव एकदम वाढला. आमच्याकडे स्वतःचा संच नव्हता, पण गल्लीतल्या क्लबच्या लोकांनी वर्गणी काढून एक घेतला होता, आणि त्यावर चित्र हललं की गल्लीतला कोणीतरी यांना बोलवायला येई. हे बनियनवरच जात, छपरावरची एरियल फिरवून देत आणि वाकून खाली विचारत, "आलं का?"

आणीबाणी उठली. आधी दिल्लीची निवडणूक झाली आणि पाठोपाठ राज्याची आली. लोक बऱ्याच दिवसांनी मोठ्यानं बोलायला लागले होते. पक्षानं वन्संना आमच्या भागातून उभं करायचं ठरवलं. दुसरं कोणी उरलंच नव्हतं म्हणा. ती बातमी त्यांनी आम्हाला जेवताना सांगितली. मला आनंद झाला. यांचा हात मात्र ताटातच थांबला.

त्या निवडणुकीत पक्षांना रेडिओवरून आणि टेलिव्हिजनवरून आपलं म्हणणं मांडायला वेळ मिळणार होता. पूर्वी असं होत नसे, त्यामुळे त्याचं सगळ्यांनाच अप्रूप होतं. वन्संनी यांना सरळ विचारलं, आमच्या पक्षाला किती वेळ मिळेल?

"मान्यताप्राप्त पक्षांनाच आहे, ताई."

"मान्यता कोण देतं?"

"मागच्या निवडणुकांत किती मतं मिळाली त्यावर ठरतं."

 वन्सं म्हणाल्या, "म्हणजे लोकांनी आधी मतं द्यायची, आणि मग आम्ही काय म्हणतो ते त्यांनी ऐकायचं?"

हे म्हणाले की नियम त्यांनी केलेला नाही. वेळ मोजका असतो, उभे राहणारे शेकडो, सगळ्यांनाच बोलावलं तर रात्रभर भाषणंच चालतील. ते खोटं नव्हतं. वन्संनाही ते कळत होतं. त्या एवढंच म्हणाल्या की शेकडो जणांना नको, पण जे म्हणणं दुसरं कोणीच मांडणार नाही त्याला पाच मिनिटं असावीत.  मी आमटी वाढायला उठले.

दुसऱ्या दिवशी यांनी आपण होऊन वरिष्ठांना सांगितलं की आपली सख्खी बहीण निवडणुकीला उभी आहे. वरिष्ठ सज्जन होते. निवडणुकीचे कार्यक्रम संपेपर्यंत यांना त्या कामातून बाजूला ठेवलं आणि जुन्या यंत्रांच्या दुरुस्तीवर बसवलं. यात कमीपणा काही नव्हता, पण यांना तो लागला. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच कोणीतरी आपल्याकडे सांभाळून बघतंय, असं त्यांना वाटू लागलं. घरी येऊन ते वन्संना म्हणाले, "एकच कर. केंद्रावर येऊ नकोस."

वन्सं गेल्या. आठवड्याभरातच, डॉक्टरबाबूंना घेऊन. मीही बरोबर होते. हे जाणं यांच्यापासून लपवावं असं त्यांच्या मनात नव्हतं, म्हणूनच त्यांनी मला नेलं असावं. वैशाखाचं ऊन होतं. फाटकावरच्या शिपायानं आम्हाला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि भाषणाला वेळ मागणारा अर्ज आत नेला. डॉक्टरबाबूंनी इस्त्रीचं धोतर नेसलं होतं. ते सारखे घाम पुसत होते. बराच वेळ कोणी आलं नाही. मग आतून हे आले. अर्जावरचं आडनाव वाचून कोणीतरी त्यांनाच पाठवलं होतं, किंवा ते स्वतःच म्हणाले असतील की मी जातो. मी कधी विचारलं नाही.

यांनी मराठीत सुरुवात केली, "ताई, मी तुला सांगितलं होतं..." वन्सं बाकावरून उठल्या. फाटकाशी शिपाई होता, दोघं-तिघं कर्मचारी सिगारेट ओढत उभे होते. वन्संनी नमस्कार केला आणि शांतपणे बंगालीत विचारलं, "आमच्या अर्जाचं काय झालं, सांगाल का आपण?"

बंगालीत 'तुई' असतं, 'तुमि' असतं आणि परक्या, मोठ्या माणसाला 'आपनि' असतं. ज्या भावाला कडेवर घेऊन वाढवलं त्याला त्या आयुष्यात पहिल्यांदा 'आपनि' म्हणाल्या. लोकांसमोर त्याला अवघडल्यासारखं होऊ नये, हा माणूस बहिणीचं काम करतोय असं कोणाला वाटू नये, एवढाच त्यांचा हेतू होता. नंतर त्यांनीच मला तसं सांगितलं. पण यांचा चेहरा असा उतरला की मी दुसरीकडे बघितलं. यांनीही मग बंगालीतच उत्तर दिलं. अर्ज मिळाला, निर्णय दिल्लीच्या नियमांप्रमाणे होतो, आपला पक्ष त्या नियमांत बसत नाही, लेखी उत्तर टपालानं येईल. डॉक्टरबाबू म्हणाले, "धन्यवाद." आम्ही बसस्टॉपकडे चालू लागलो. मागे वळून पाहिलं तेव्हा हे अजून फाटकातच उभे होते, हात पँटच्या खिशात घालून.

त्यानंतर त्या दोघांत भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. दोघंही एकमेकांशी जपून बोलायला लागले. मीठ हवंय का, किल्ली कुठे ठेवलीस, एवढंच.

मी रविवारी वन्संबरोबर प्रचाराला जायची. घोषणा द्यायला माणसं नव्हती, लाउडस्पीकर नव्हता. आम्ही तिघं-चौघं दारोदार जायचो. कालव्याकाठच्या झोपड्यांत सगळे त्यांना ओळखत. त्यांच्या मुली वन्संच्याच शाळेत होत्या. तिथल्या नळासाठी, रेशनकार्डांसाठी वन्संनी किती खेटे घातले ते त्यांना ठाऊक होतं. 'दिदिमोणी आली', म्हणजे शाळेतल्या बाई आल्या, असं म्हणत बायका चटई टाकायच्या. मला वाटलं, इथली मतं तरी नक्की.

तिथे एक मध्यमवयाची कोळीण होती. नवरा भेडीवर रखवालीला होता आणि तीच तळी आता बुजवायला घेतली होती. तिनं आम्हाला मुरमुरे दिले. वन्संचं सगळं ऐकून घेतलं. मग संकोचत म्हणाली, "दिदिमोणी, आमच्या शेजाऱ्याकडे रेडिओ आहे. सगळ्या पक्षांची नावं आली, माणसं बोलली. तुमचं नाव नाही आलं."

वन्संनी तिला नियम समजावून सांगितला.

ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे सरकारनं तुम्हाला मनाई केलीय ना? तुम्हाला मत दिलं तर आम्हाला काही होणार नाही ना?"

वन्सं हसल्या नाहीत. त्यांनी तिला पुन्हा सांगितलं की मनाई नाही, मतपत्रिकेवर नाव आहे, चिन्ह आहे. बाई मान डोलावत होती, पण तिचं समाधान झालेलं दिसेना. आणीबाणीत त्या झोपड्या एकदा उठवल्या गेल्या होत्या. सरकारच्या नावडत्या माणसाशी आपला संबंध दिसू नये, ही भीती तिच्या जागी मी असते तर मलाही वाटली असती. पुढच्या झोपडीत कोणी तोंडानं बोललं नाही, पण प्रश्न तोच होता. रेडिओवर नाही, टीव्हीवर नाही, म्हणजे या पक्षातच काहीतरी खोट असणार. परत येताना वन्सं मला म्हणाल्या, "विरोध करणाऱ्याशी भांडता येतं ग. याच्याशी कसं भांडायचं?"

मतदानाच्या आधी एका संध्याकाळी टेलिव्हिजनवर पक्षांच्या प्रतिनिधींची भाषणं होती. गल्लीतले सगळे क्लबात जमणार होते. वन्संनी क्लबच्या सेक्रेटरीला गाठलं. त्याची बहीण त्यांचीच विद्यार्थिनी. कार्यक्रम संपल्यावर मला दहा मिनिटं बोलू द्या, म्हणाल्या. तो बिचारा अवघडला. दिदिमोणी, आपल्याला दिलं तर प्रत्येक अपक्षाला द्यावं लागेल, आपला क्लब कुठल्याच पक्षाचा नाही, असं म्हणाला. वन्संनी फार आग्रह केला नाही.

तरी त्या ऐकायला गेल्या. मी म्हटलं कशाला जाता, तर म्हणाल्या, समोरचे काय म्हणतात ते कळायला नको का? हे त्या दिवशी दुरुस्तीच्या पाळीवर होते.

क्लबाची खोली लांबट होती. टोकाला उंच स्टुलावर संच, समोर सतरंजीवर मुलं, मागे घडीच्या खुर्च्या आणि सगळ्यात मागे बायका. आम्ही कडेच्या खुर्च्यांवर बसलो. एकामागून एक माणसं येऊन बोलत होती. कागदावरून मान वर न करता वाचणारे बरेच. भाव, बेकारी, गेल्या दोन वर्षांतला जुलूम, आणि दोघांच्या भाषणात नव्या वसाहतीचा उल्लेख. शहर पूर्वेकडे वाढलंच पाहिजे, असं एकजण म्हणाला. वन्सं हाताची घडी घालून ऐकत होत्या.

मध्येच वीज गेली. तेव्हा ती रोजच जायची, लोडशेडिंग म्हणजे काही बातमी नव्हती. संचाच्या काचेवरचा उजेड आक्रसत एका ठिपक्याएवढा झाला आणि विझला. पंखे थांबले. लोकांनी उसासे टाकले, वर्तमानपत्रांच्या घड्या करून वारा घेऊ लागले. कोणीतरी कंदील आणायला गेलं.

त्या अंधारात माझ्या शेजारची खुर्ची करकरली. वन्सं उभ्या राहिल्या होत्या. "मी पण उमेदवार आहे," त्या म्हणाल्या. "उजेड येईपर्यंत बोलू का?"

 एका म्हाताऱ्या माणसाचा आवाज आला, बोला, बोला. त्या बोलू लागल्या. वर्गात बोलत असतील तशाच. आवाज चढवला नाही. तुम्ही सकाळी आंघोळ करता ते पाणी कुठे जातं, असं त्यांनी विचारलं. मग ते पाणी गटारातून कालव्यात, कालव्यातून भेड्यांत कसं जातं, तिथे त्याचं काय होतं, आणि आपल्या ताटातला मासा कुठून येतो, ते सांगितलं. ती तळी बुजली तर पावसाळ्यात हेच पाणी तुमच्या जिन्यापर्यंत येईल, म्हणाल्या. वाऱ्यासाठी हलणारे कागद थांबले. मुलंसुद्धा गप्प होती. मला बंगाली आता पुरतं कळत होतं, आणि मला वाटलं, सगळे ऐकताहेत. खरंच ऐकताहेत.

एका माणसानं अंधारातून विचारलं, "पण दिदिमोणी, वसाहत नको तर आमच्या मुलांनी राहायचं कुठे?" प्रश्न रास्त होता. विचारण्यात कुचेष्टा नव्हती. वन्सं म्हणाल्या, "चांगलं विचारलंत. त्याला उत्तर आहे. पश्चिमेला जी बंद पडलेल्या गिरण्यांची..."

आणि वीज आली.

दिवे लागले, पंखे फिरले. लोकांनी हुश्श केलं. संच तापायला वेळ लागतो, आधी आवाज आला आणि चित्र मागाहून उमटलं. कुणीतरी नवीनच माणूस बोलत होता. सगळी डोकी तिकडे वळली. वन्सं वाक्य पुरं करत होत्या. ज्यानं प्रश्न विचारला होता तोही संचाकडे पाहत होता. समोरच्या रांगेतल्या एका गृहस्थानं मागे वळून अगदी नम्रपणे म्हटलं, "बसा दिदिमोणी, मागच्यांना दिसत नाहीये."

त्या बसल्या. मी त्यांचा हात धरला, तो त्यांनी हळूच सोडवून घेतला. मी उठू या म्हटलं तर मान हलवून नाही म्हणाल्या. कार्यक्रम संपेपर्यंत त्या बसल्या, शेवटचं भाषण संपलं तेव्हा सगळ्यांबरोबर उठल्या, आणि स्वतःची खुर्ची घडी करून भिंतीला लावून ठेवली.

घरी आल्यावर हे दारातच भेटले. कसं झालं, म्हणून त्यांनी विचारलं. वन्सं म्हणाल्या, "तुमचं चित्र स्वच्छ येतं हं." आणि आत गेल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर यांना उत्तर देता आलं असतं.

निकाल लागला त्या दिवशी रस्त्यात लाल गुलाल उधळला जात होता. ज्यांची सत्ता आली त्यांच्याबद्दल वन्संना राग नव्हता. उलट, जुने लोक गेले हे बरंच झालं, असं त्या म्हणाल्या. रेडिओवर आमच्या मतदारसंघाचा निकाल सांगितला तेव्हा पहिल्या तिघांची मतं सांगितली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात तिघांची नावं आणि खाली 'इतर' असा एक आकडा. त्या आकड्यात वन्सं होत्या, एक सायकलचा दुकानदार होता, आणि दर निवडणुकीला उभा राहणारा एक ज्योतिषीही. अनामत गेली. झोपडपट्टीतल्या मतदान केंद्रावर त्यांना किती मतं पडली ते डॉक्टरबाबूंना मोजणीच्या ठिकाणी कळलं होतं. त्यांनी वन्संना सांगितलं असेल, पण वन्संनी आम्हाला सांगितलं नाही. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या नेहमीप्रमाणे तिथे गेल्या. बायकांनी चटई टाकली. कोणी निवडणुकीचा विषय काढला नाही आणि वन्संनीही नाही.

वर्षभरात पक्ष संपला. वरच्या लोकांनी सत्तेतल्या एका पक्षात विलीन व्हायचं ठरवलं. निदान कोणाच्या तरी नावाखाली आपलं बोलणं पोहोचेल, असा त्यांचा हिशेब. डॉक्टरबाबू वन्संना समजावायला घरी आले. दिदि, आपण म्हातारे झालो, म्हणाले. वन्संनी त्यांना चहा दिला, तब्येतीची चौकशी केली आणि विलीनीकरणाच्या कागदावर सही करायला नकार दिला. त्या नव्या पक्षाच्या जाहीरनाम्यात वसाहतीचा पुढचा टप्पा होता.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी कलकत्त्यात पूर आला. ज्यांनी तो पाहिला ते कोणी विसरणार नाहीत. पाऊस दिवसरात्र कोसळला आणि थांबला तरी पाणी हलेना. आमच्या जिन्याच्या चार पायऱ्या बुडाल्या होत्या. हे केंद्रावरच अडकले होते. वन्सं साडी खोचून, काठी घेऊन कालव्याकडे निघाल्या. मी आडवी आले. "तिथे म्हातारी माणसं आहेत," म्हणाल्या आणि गेल्या. कंबरभर घाण पाण्यातून दिवसभर फिरल्या, शाळेचे वर्ग उघडून त्यात लोकांना बसवलं. पाणी उतरल्यावर त्यांना कावीळ झाली.

दोन महिने त्या अंथरुणावर होत्या. हे कामावरून आले की बहिणीजवळ बसत, ग्लुकोजचं पाणी करून देत, पाय चेपत. त्या दिवसांत केव्हातरी वर्तमानपत्रात पुराच्या कारणांवर एक मोठा लेख आला. पाणथळीबद्दल त्यात दोन ओळी होत्या. मी वाचून दाखवल्या. वन्सं डोळे मिटून पडल्या होत्या. मला वाटलं त्या म्हणतील, बघ, मी हेच सांगत होते. त्या म्हणाल्या, "पडदा जरा ओढ. उजेड लागतोय."

बऱ्या झाल्या, पण पूर्वीच्या राहिल्या नाहीत. शाळेत जात, घरी येऊन पडून राहत. संध्याकाळ झाली की आपल्याला कुठेतरी जायचंय असं वाटून उठत आणि मग परत बसत. डॉक्टरबाबूंचा दवाखाना त्याच हिवाळ्यात बंद झाला. ते लेकीकडे आसनसोलला गेले आणि तिथेच वारले.

यांची मुंबईला बदली झाली. ती यांनीच मागून घेतली होती, हे मला मागाहून कळलं. वन्संना आम्ही बरोबर चला म्हणून खूप विनवलं. त्या म्हणाल्या, मुंबईत मी काय करू, तिथे मला कुठलं पाणी कुठे जातं तेसुद्धा माहीत नाही. शेवटी दोन खोल्यांचं लहान घर त्यांना पाहून दिलं आणि आम्ही सामान बांधलं.

निघायच्या सकाळी त्या खाली आल्या. टॅक्सीवाल्याला कोणत्या रस्त्यानं जा ते सांगितलं, मला दहीसाखर दिली, भावाच्या कॉलरवरचा दोरा काढून टाकला. हे वाकून पाया पडले. त्या 'ये' म्हणाल्या आणि टॅक्सी वळायच्या आतच जिना चढू लागल्या.

गाडीत हे बराच वेळ बाहेर बघत बसले होते. खरगपूर मागे पडल्यावर मी डबा उघडला, पोळीभाजी त्यांच्या हातात दिली. ती त्यांनी मांडीवर तशीच ठेवली.

"ताईचा आवाज फार चांगला आहे," ते म्हणाले. "मी हजारो आवाज तपासलेत. असा आवाज माइकवर आला की काही करावं लागत नाही."

 मी म्हटलं, जेवून घ्या. ते जेवले. नंतर बाकावर चादर पसरून भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, आणि नागपूर येईपर्यंत त्यांना झोप लागली होती की नव्हती, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.